रेफरीची चार माणसं

मुलीने सॉकरच्या रेफरीची परीक्षा दिली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आम्ही राहतो ते डब्लिन ओहायोतलं, कोलंबसच्या शेजारचं. इथे शनिवारी सकाळी शाळांमागच्या मैदानांवर सात-आठ सामने एकाच वेळी चालू असतात आणि लहान मुलांच्या सामन्यांना मोठी माणसं रेफरी म्हणून मिळत नाहीत. म्हणून हायस्कूलमधली मुलं हे काम करतात. ऑनलाइन अभ्यास, एक परीक्षा, एक दिवस मैदानावर शिकवणी; मग पिवळा शर्ट, शिट्टी आणि खिशात दोन कार्डं. दहा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात रेफरी एकटीच असते. रेषेवर झेंडा घेऊन उभं राहणारं कोणी नसतं.

ती स्वतः बरी खेळायची, पण धावायची कमी आणि बघायची जास्त. जेवणाच्या टेबलावर मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या मांडून आम्हाला ऑफसाइड समजावायची. "बाबा, तू मोहरी. मोहरी जिऱ्याच्या मागे आहे, सो इट्स फाइन. आता हळदीने पास दिला." नवरा मन लावून ऐकायचा. मी म्हणायचे, वाट्या जागच्या जागी ठेव.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सुपरवायझर आहे. रिपोर्ट बाहेर जाण्याआधी त्यातली चूक पकडणं हे माझं काम. चूक दिसली की बोलून मोकळं व्हायचं, ही सवय मला नोकरीच्या आधीपासूनची.

तिचा पाचवा किंवा सहावा सामना असेल. एप्रिलमधली थंड सकाळ होती. एरवी मी तिला सोडून किराणा आणायला जायचे, पण त्या दिवशी महाराष्ट्र मंडळातली माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा मैदानावर दिसले. दोघं नागपूरची. त्यांची धाकटी मुलगी एका संघात होती. मी थांबले. कडेला उभं राहून आम्ही थर्मासमधला चहा घेतला.

त्या लहान मुलींना टीव्हीवरचं सगळं येत होतं. धक्का लागला की गुडघा धरून लोळायचं, शिट्टी वाजली की रेफरीभोवती गोळा व्हायचं, दोन्ही हात पसरून आकाशाकडे बघायचं. नऊ वर्षांच्या मुली. त्यांचा कोच रेषेवरून ओरडत होता आणि त्याचं बघून आई-बाप. माझी मुलगी मध्ये उभी राहून शांतपणे हाताने दिशा दाखवत होती. उत्तरार्धात चेंडू बाहेर गेला आणि तिने थ्रो चुकीच्या संघाला दिला. माझ्या समोरच घडलं, म्हणून मला नक्की माहीत आहे. चुकलीच होती.

मैत्रिणीचा नवरा मराठीत म्हणाला, "काय हो वहिनी, पोरगी आमच्यावर रागावली की काय तुमची? दिसून नाही राहिलं का तिला?"

मी म्हणाले, "अहो, घरी तरी कुठे दिसतं तिला. फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं दही सापडत नाही, बॉल काय सापडणार?"

तिघंही हसलो. मी जरा मोठ्यानेच बोलले होते, कारण वारा होता.

हे मी का बोलले, ते सांगायला हवं. आमच्यात चारचौघांत आपल्या मुलांचं कौतुक करत नाहीत. कोणी बोट दाखवलं तर आपण आधी दोन बोटं दाखवायची: धांदरटच आहे, लक्ष नसतं, आळशी आहे. मग समोरच्याने म्हणायचं, छे हो, किती गुणी आहे. आपण खाली ओढायचं आणि समोरच्याने वर उचलायचं, असा तो व्यवहार. माझ्या आईने तो माझ्या बाबतीत आयुष्यभर केला. त्या दिवशी समोरच्याची मुलगी हरत होती, त्यामुळे त्याने उचललं नाही.

त्याने दुसरंच केलं. कोच त्याच्या शेजारीच उभा होता. कशाला हसता म्हणून त्याने विचारलं आणि मैत्रिणीच्या नवऱ्याने त्याला इंग्रजीत सांगून टाकलं, की रेफरीची सख्खी आई म्हणतेय, हिला दिसत नाही.

पुढच्याच शिट्टीला कोच मैदानभर ऐकू जाईल असं ओरडला, "रेफ, तुझी आईसुद्धा म्हणते तू आंधळी आहेस!"

आई-बाप हसले. मग मुली हसल्या. त्यानंतर तिचं कोणी ऐकलं नाही. फ्री किक दिली की कोणीतरी दुसरीला म्हणायचं, जाऊ दे, हिची आईच म्हणते. मी ते बोलले तेव्हा ती माझ्यापासून दहा पावलांवर होती. कोच ओरडल्यावर तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. कोचने सांगायच्या आधीच तिने ते मराठीत ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ती घरात निम्मं इंग्रजीत बोलते, म्हणून मोठ्यांचं आपसातलं मराठी तिच्या डोक्यावरून जातं असं आम्ही धरून चाललो होतो.

सामना तिने पूर्ण केला. कार्ड काढलं नाही. फॉर्म भरला, दोन्ही कोचशी हात मिळवले.

गाडीत मी म्हणाले, "इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. ते काका गंमत करत होते."

तिने सीटबेल्ट लावला.

"आणि तो थ्रो तुझा चुकलाच होता."

"आय नो, आई," ती म्हणाली.

पुढचा शनिवार तिने घेतला नाही. अभ्यास आहे म्हणाली. त्याच्या पुढचाही नाही. महिन्याभराने मी कपडे धुवायला घेतले तेव्हा पिवळा शर्ट घडी करून दान करायच्या पिशवीत टाकलेला दिसला. मी तो काढून कपाटात ठेवला. ती परत पिशवीत टाकून आली. यावर आमचं बोलणं झालं नाही. काही महिन्यांनी एकदा मी म्हणाले, "मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं." तिने मोबाइलवरून मान वर करून म्हटलं, "इट्स फाइन." मी माझ्या बाजूने विषय संपवला.

ती कॉलेजला मिशिगनमधल्या ॲन आर्बरला गेली. घरापासून तीन तासांवर. दुसऱ्या वर्षी तिची आयरिश वंशाची रूममेट तिला गेलिक फुटबॉल खेळायला घेऊन गेली. तो चेंडू हातातही घेता येतो आणि पायानेही मारता येतो. गोलचे खांब उंच, मध्ये आडवी दांडी. दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, या मुली एकमेकींना मारून टाकतील. खांद्याला खांदा लावून धडकत होत्या. एक तोंडावर पडली. मी मनात मोजायला लागले, किती वेळ लोळते. ती लगेच उठली, ओठांचं रक्त बाहीला पुसलं आणि पळाली.

शिट्टी वाजली. जिने फाउल केला होता, तिने चेंडू समोरच्या मुलीच्या हातात दिला आणि पाठ फिरवून आपल्या जागी गेली. बस. कोणी रेफरीकडे धावलं नाही. थोड्या वेळाने एकीने जाता जाता काहीतरी पुटपुटलं. रेफरीने तिच्याकडे न बघता चेंडू उचलला आणि तिच्याच गोलच्या दिशेने चांगला लांब चालत नेऊन ठेवला, म्हणजे समोरच्या संघाला तेवढ्या जवळून मारायला मिळणार. तिच्या संघातल्याच मुलींनी तिला झापलं. मला हे फार आवडलं. आमच्या लॅबमध्ये असं काही करता आलं तर किती बरं होईल, असंही वाटलं.

रेफरी म्हणजे सत्तरीतला एक आयरिश म्हातारा, चाळीस वर्षं मिशिगनमध्ये प्लंबिंग केलेला. सामन्यानंतर मी त्याला म्हणाले, तुमच्या लोकांना शिस्त आहे.

"आम्हाला देवदूत समजू नका," तो म्हणाला. "मी लहान असताना एका रेफरीला शेतातून जीव घेऊन पळताना पाहिलंय."

"कोण लागलं होतं मागे?"

"माझा बाप."

मी हसले. तो हसला नाही. "पण तो रेफरी आमच्या भागातला गुरांचा डॉक्टर होता. पुढच्याच मंगळवारी आमची गाय अडली तेव्हा तोच आला."

"मग वडिलांनी काय केलं?"

"चहा केला. दुसरं काय करणार?"

मग त्याने मला खांबांशी उभ्या असलेल्या चार माणसांचं सांगितलं. प्रत्येक गोलच्या खांबांशी दोन, असे चार अंपायर असतात. अंगात पांढरा कोट, हातात झेंडा. एका गुणाला पांढरा, गोलला हिरवा. आणि ही चार माणसं रेफरीने आपली आपण आणायची असतात. भाऊ, शेजारी, मेव्हणा, बायको. एकाच गाडीतून यायचं, एकाच गाडीतून जायचं. "मैदानावर सगळे माझ्या विरुद्ध असले," तो म्हणाला, "तरी चारजण माझे असतात. मला दिसलं नाही तर मी त्यांच्याकडे जातो. ते माझ्या कानात सांगतात. कानातच."

त्या वर्षी माझी मुलगी त्याच्या चारांपैकी एक झाली. एकदा मी तिला खांबाशी उभी पाहिली. कोट तिच्या गुडघ्यांखाली येत होता. म्हातारा धावत तिच्याकडे गेला, वाकला, ती त्याच्या कानाशी काही बोलली, त्याने मान हलवली आणि निर्णय दिला. कोणी काही म्हणालं नाही. इतक्या लांबून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती कशी उभी होती ते दिसलं. सॉकरच्या मैदानावर ती अशी कधी उभी राहिली नव्हती. एकटं माणूस अंग चोरून उभं राहतं.

गेल्या सप्टेंबरात तिचा फोन आला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो, फोन स्पीकरवर होता. म्हाताऱ्याने तिला मुलींचा एक सामना रेफरी म्हणून दिला होता. चौदा वर्षांखालच्या, रविवारी.

"परत शिट्टी?" नवरा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"हां बाबा. सो आय नीड माय फोर. तू येशील?"

"मला कुठे काय कळतं त्यातलं?"

"कळायला काय पाहिजे? बॉल आत की बाहेर, तेवढं बघायचं."

"येतो की."

मी भांडी पुसत होते. म्हणाले, "मीपण येते. कोट मी आणते, लॅबला कोट पुरवणारा माझ्या ओळखीचा आहे."

मग ती म्हणाली, "कोट्स वुड बी ग्रेट, आई. फोर."

"आणि माणसं?"

"आय हॅव फोर. बाबा, माझी रूममेट, आमच्या गेलिक टीमचे कोच आणि त्यांची बायको."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी परत धुतली.

मी चार कोट मागवले, बाह्या आखूड केल्या, इस्त्री केली. रविवारी पहाटे निघालो. मैदानावर नवऱ्याने कोट घातला तेव्हा तो हुबेहूब आमच्या लॅबमधला नवा टेक्निशियन दिसत होता. मी ते बोलणार होते, बोलले नाही. मुलीने त्याची कॉलर नीट केली आणि मला म्हणाली, "थँक्स फॉर कमिंग, आई." पाहुण्यांना म्हणतात तसं.

मी रेषेवर उभी राहिले. शेजारी एका खेळाडूची आई होती. तिने विचारलं, रेफरी तुमची मुलगी का? मी म्हणाले, हो. पुढे काहीतरी जिभेवर आलंच होतं, नवीन आहे, अजून शिकतेय, असलं काही. ते मी गिळलं. नुसतं हो म्हणून थांबायला एवढे कष्ट पडतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मुलीचं काम चांगलं चाललं होतं. शिट्टी कमी, पळणं जास्त. एकीने तोंड चालवलं तेव्हा तिने चेंडू उचलून पुढे नेऊन ठेवला, म्हाताऱ्यासारखाच, मागे न बघता.

सामना संपायला आला होता, गुण बरोबरीत होते. एका उंच मुलीने लांबून चेंडू मारला. तो वर गेला आणि नवऱ्याच्या बाजूच्या खांबाच्या अगदी टोकावरून पलीकडे पडला. मी रेषेवर त्या खांबाच्या तिरक्या समोर होते. चेंडू आत होता. वीतभर आत. मला त्याबद्दल शंका नाही.

नवरा पुतळ्यासारखा उभा राहिला. झेंडाही नाही, काहीच नाही. मुलगी त्याच्याकडे धावत गेली. त्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने मान हलवली आणि त्याच्या कोटाच्या बाहीला क्षणभर हात लावला. मग वळून बाहेर असा इशारा केला.

शेजारची आई मला म्हणाली, "आत वाटला ना?"

"मला इथून दिसलं नाही," मी म्हणाले.

उंच मुलीने डोकं धरलं आणि जागेवर गेली. तो गुण तिचा होता, हे मला माहीत आहे. सामना बरोबरीत सुटला.

नंतर पार्किंगमध्ये नवरा कोटांच्या घड्या करत होता आणि आम्ही दोघी गाडीच्या मागे उभ्या होतो. ती घामाने भिजली होती, खुशीत होती. मला वाटलं, विचारायचं तर आत्ताच.

"पुढच्या वेळी मला घेशील चारांत?"

तिने शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग मराठीत बोलली, शब्द शोधत. "आई, तुला चूक दिसते. सगळ्यांच्या आधी दिसते."

"मग चांगलंच आहे ना? अंपायरला दिसायलाच हवं."

"हो. पण खांबाजवळ तू असलीस ना, तर मी शिट्टी नाही वाजवू शकणार. माझा हातच नाही येणार वर." तिने हात उचलून दाखवला. रागावलेली नव्हती. गुडघा कुठे दुखतो ते डॉक्टरला दाखवावं तसं दाखवलं.

"मी आता कोणाला काही सांगत नाही," मी म्हणाले.

"आय नो. आय सॉ यू टुडे. यू वर सो क्वाएट." आणि मग तिने आवाज खाली आणला, नवऱ्याला ऐकू जाऊ नये इतका. जवळ आली. "आई, तो शेवटचा बॉल. आत होता?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका चांगला दिवस गेला होता तिचा.

"मला दिसलं नाही गं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. फ्रिजमधलं दही, पिशवीतला शर्ट, थ्रो कोणाचा, मला सगळं दिसतं हे जगात सगळ्यांत जास्त तिला माहीत आहे.

"ओके, आई," ती म्हणाली. एक पाऊल मागे गेली. मग बाबाला मिठी मारायला गेली.

परतीला मी गाडी चालवत होते. टोलीडो मागे पडल्यावर नवऱ्याला विचारलं, तिच्या कानात काय सांगितलंस?

"खरं सांगितलं. म्हटलं, बेटा, मला दिसलं नाही. सूर्य डोळ्यांवर होता."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, इट्स ओके बाबा, आय गॉट इट."

बराच वेळ रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना मक्याची कापणी चालली होती.

"मला दिसलं होतं," मी म्हणाले. "आत होता. तिने मला नंतर विचारलं आणि मी नाही म्हणाले."

"तिने विचारलं? हळूच?"

"हळूच."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग सांगायचंस ना."

पुढच्या गॅस स्टेशनवर मी गाडी थांबवली आणि तिला मेसेज लिहिला. बॉल आत होता. मला दिसला होता. तुला खोटं सांगितलं. लगेच उत्तर आलं. आय नो. मी अजून काही येईल म्हणून तिथेच थांबले, मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा पंपावरून हलले.

त्यानंतर तिने आणखी तीन सामने घेतले आहेत. माणसं तीच चार. नवरा प्रत्येक रविवारी पहाटे एकटा निघतो. मी का जात नाही, असं मंडळात कोणी विचारलं तर सांगते, रविवारी माझी ड्यूटी असते. ते आता खरंही आहे. ती मीच मागून घेतली आहे.